थोरला

थोरल्याबद्दल पहिली सांगायची गोष्ट म्हणजे तो बोलत नाही. बोलायला लागला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. त्याच्या लॉगमध्ये दिवसच्या दिवस कामाची एक ओळ उमटत नाही. मग एखाद्या रविवारी रात्री साडेनवाला, निम्मं गाव एकाच वेळी मॅच नाहीतर पिक्चर लावून बसलेलं असताना, एकच वाक्य पुन्हा पुन्हा येऊ लागतं : जोडण्यांचा तक्ता भरला, पॅकेट टाकून देतोय. त्यात गाऱ्हाणं नसतं. काय झालं आणि आपण काय करतोय, एवढंच तो सांगतो.

मिरजेतल्या एका छोट्या इंटरनेट पुरवठादाराकडे, पहिल्या मजल्यावर, पूर्वी जिथे केबल टीव्हीची कंट्रोल रूम होती त्या खोलीत त्याचा मुक्काम आहे. दोन युनिट उंचीचं, रॅकमध्ये सरकवलेलं राखाडी यंत्र. पुढच्या जाळीवर धूळ धरते, मागून गरम वारा येतो. काही वर्षांनी त्याच्याखाली दुसरं यंत्र आलं, ते धाकटं ठरलं आणि हा थोरला झाला. लाइनवर काम करणाऱ्या पोरांनी मार्करनं चिकटपट्टीवर तसं लिहून त्याच्या कपाळावर लावलं. कागदोपत्री त्याचं नाव वेगळं आहे, पण ते कोणी घेत नाही.

त्याचं काम समजून घ्यायला हवं. गावातल्या घरात राउटर सुरू झाला की तो आधी थोरल्याच्या दारात येतो, नाव आणि पासवर्ड सांगतो. या रीतीला पीपीपीओई म्हणतात. थोरला खातेवहीत बघतो, बिल भरलंय का ते पाहतो, आणि घराला आतल्या वापराचा एक पत्ता देतो. हे पत्ते 100.64 पासून सुरू होतात. इंटरनेटवरचे खरे पत्ते संपत आल्यावर 2012 साली खास पुरवठादारांसाठी ही रांग राखून ठेवण्यात आली. बाहेरच्या जगात जाताना शेकडो घरं एकाच खऱ्या पत्त्यामागून जातात. बाहेरून आलेलं उत्तर नेमकं कोणाचं, हे फक्त थोरल्याला ठाऊक असतं. वैद्याच्या गल्लीतल्या मुलीनं मागितलेलं गाणं शेजारच्या दवाखान्यात जात नाही आणि दवाखान्यातला एक्स-रे मुलीकडे येत नाही, ते त्याच्या एका तक्त्यामुळे. कुठल्या घराचं कुठल्या दूरच्या यंत्राशी बोलणं चालू आहे, याची एकेक ओळ त्यात असते.

या तक्त्यात थोरल्याचा स्वभाव दिसतो. बोलणं मध्येच तुटलं, निरोप न घेता कोणी निघून गेलं, तरी तो ती ओळ लगेच पुसत नाही. लिनक्सनं यासाठी नेमून दिलेली मूळ मुदत 4,32,000 सेकंदांची आहे, म्हणजे पाच दिवसांची. एवढं थांबणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. पण या चांगुलपणाची किंमत असते. न परतणाऱ्यांच्या ओळींनी तक्ता भरतो आणि नव्याने आलेल्याला जागा उरत नाही. पुरवठादाराकडे ही मुदत कमी करावीच लागते. आम्ही ती कमी केली होती. कुठे लिहून केली होती, हा प्रश्न पुढे आला.

हे सगळं जो करतो तो थोरल्याचा कर्नल, लिनक्स. यंत्रातल्या चिपला, मेमरीला, डिस्कला, नेटवर्क कार्डाला थेट हात लावायची मुभा त्याला एकट्यालाच. बाकीच्या प्रोग्रॅमांनी मागायचं आणि त्यानं द्यायचं. कार्डावर पॅकेट आलं की ते उचलणारा तो, पत्ता बदलणारा तो, रांगेत उभं करणारा आणि वाट दाखवणारा तोच. दुसरा कुठला प्रोग्रॅम कोसळला तर कर्नलच्या आधारानं त्याला उठवता येतं. कर्नल कोसळला तर यंत्रात त्याला उठवणारं कोणी नाही. 1991 साली हेलसिंकीच्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं, लिनस टोरवाल्ड्सनं, स्वतःच्या संगणकासाठी तो लिहायला घेतला. आज जगभरची हजारो माणसं त्यात भर घालतात आणि दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. थोरल्यावर 2017 पासून 4.9 ही आवृत्ती होती, डेबियन या लिनक्स-संचाबरोबर आलेली.

आता त्याचा सगळ्यात महत्त्वाचा गुण. थोरला तोंडी हुकूम पाळतो. रात्री दहाला गाव अडकलंय, तक्ता भरलाय, अशा वेळी कोणीतरी कीबोर्डवर एक ओळ टाइप करतं : तक्ता मोठा कर. मूळची मर्यादा 2,62,144 ओळींची असते, ती चौपट कर. थोरला त्याच क्षणी मोठा करतो. का, कशासाठी, साहेबांची परवानगी आहे का, असलं काही विचारत नाही. आणि दिलेला शब्द महिनोन्महिने पाळतो. नेटवर्क कार्डाचा पॅकेटं धरून ठेवायचा गाळा 512 चा होता तो 4096 चा केला, पाळलं. चारही कोअरांवर कामाची वाटणी करून दिली, पाळली. बँकेची साइट उघडत नाही म्हणून पॅकेटांतल्या मजकुराचा आकार 1452 वर कातरायचा नियम घातला, पाळला. हातानं घातलेली एक वाट, एका इस्पितळासाठी केलेली सोय, एका खोडसाळ पत्त्यावर घातलेली बंदी, सगळं पाळलं.

पण हे सगळं त्याच्या मेमरीत असतं, डिस्कवर नसतं. तो एकदा झोपून उठला की त्याला फक्त लिहिलेलं आठवतं. तोंडी दिलेला शब्द झोपेबरोबर जातो. आणि थोरला दोन वर्षांच्या आसपास झोपलेलाच नव्हता.

या जागरणाचा सगळ्यांना अभिमान होता. कंपनीचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते आलेल्या पाहुण्याला खोलीत नेऊन पडद्यावरचा दिवसांचा आकडा दाखवायचे. सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या जगात हा अभिमान जुना आहे. मला तो पटत नाही. अखंड चालणं म्हणजे तब्येत चांगली असणं नव्हे. जुन्या 32 बिटी कर्नलमध्ये दिवस मोजणारा आकडा 497 दिवस भरले की शून्यावर यायचा. त्यात नुकसान एवढंच की अभिमानाचा आकडा जायचा. 2.6.32 च्या काही आवृत्त्यांत मात्र घड्याळाच्या हिशेबात अशी चूक होती की 208 दिवसांच्या पुढे यंत्र कधी कोसळेल सांगता येत नसे. न थांबता चालणाऱ्यालाच ती गाठायची. ज्यानं वेळोवेळी यंत्र बंद-चालू केलं, त्याला ती चूक आहे हेदेखील कळलं नाही. शिवाय यंत्र जितके दिवस अखंड चालतं तितके त्याच्यात तोंडी हुकूम साठतात. दोन वर्षांच्या अपटाइमचा खरा अर्थ असा की हे यंत्र पुन्हा आहे तसं उभं राहील का, हे दोन वर्षांत कोणी पाहिलेलं नाही.

17 जून 2019 ला सॅक पॅनिक नावाचा दोष जाहीर झाला. नेटफ्लिक्समधल्या जोनाथन लूनी यांनी तो शोधला होता. दूरवर बसलेल्या कोणीही ठरावीक पद्धतीनं रचलेली पॅकेटं पाठवली तर समोरचा कर्नल तिथल्या तिथे कोसळू शकत होता. 2.6.29 पासूनच्या सगळ्या कर्नलांत हा दोष होता, म्हणजे दहा वर्षांचा. तात्पुरता इलाज म्हणून एक सोय बंद ठेवायची होती, ती आम्ही लगेच बंद केली. पुन्हा तोंडीच. खरा इलाज कर्नल बदलण्याचा होता. बदलायचाच तर 4.9 ची दुरुस्त प्रत घेण्याऐवजी 4.19 का घेऊ नये, असा विचार निघाला. त्यालाही कारण होतं. 4.19 मध्ये केक नावाची रांग लावण्याची नवी रीत आली होती, आणि तिची आमच्या गावाला गरज होती.

या रीतीविषयी थोडं सांगतो, कारण लोक ज्याला स्पीड म्हणतात त्यातलं निम्मं दुखणं स्पीडचं नसतं, रांगेचं असतं. घरात एकजण मोठी फाइल पाठवत असला की तिची पॅकेटं रांगेत पुढे उभी राहतात, आणि अमेरिकेतल्या मुलाशी बोलणाऱ्या आईचा आवाज त्यांच्या मागे अडकतो. लाइन भरलेली असते, तक्रार मात्र 'आवाज तुटतो' अशी येते. नवी रीत काय करते, तर महिन्याचा किराणा भरणाऱ्याला क्षणभर थांबवून काडेपेटी घ्यायला आलेल्याला आधी मोकळं करणारा दुकानदार जे करतो, ते करते. रांग उगाच लांबू देत नाही आणि एकाच गिऱ्हाइकाला काउंटर अडवू देत नाही. डेव्ह टाट आणि त्यांच्या सोबत्यांनी या दुखण्यापायी वर्षानुवर्षं घालवली, त्यातला बराच काळ पदरमोड करून. 2025 साली टाट गेले. मिरजेच्या एखाद्या घरात व्हिडिओ कॉल तुटत नाही त्यात त्यांचा वाटा आहे, आणि हे त्या घरात कोणालाही माहीत नसणार. म्हणून इथे लिहून ठेवतो.

काकांना हे पटवणं सोपं नव्हतं. "चाललंय न्हवं त्याचं? मग कशाला शिवायचं त्याला?"

"काका, चाललंय तवरच शिवायचं. बंद पडल्यावर शिवलं तर दिवसा शिवायला लागंल, आणि सगळं गाव दारात यील."

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दवाखान्यांना आधी सांगा. बाकीच्यांना मेसेज टाका." मिरज दवाखान्यांचं गाव आहे. इथे मध्यरात्रीही लाइन रिकामी नसते. रात्रीचे स्कॅन दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे वाचायला जातात. जुलैतली एक रात्र ठरली, अडीच ते चार.

त्याआधीचा आठवडा मला त्या रात्रीपेक्षा जास्त आठवतो. थोरल्यासमोर बसून त्याला एकेक विचारायचं, की तू आत्ता काय काय पाळतोयस? आणि ते डिस्कवरच्या लिखाणाशी ताडून पाहायचं. फायरवॉलचे चालू नियम उतरवले, वाटा उतरवल्या, कर्नलच्या शेकडो खुंट्या कुठे फिरवलेल्या आहेत ते उतरवलं. लिहिलेलं आणि पाळलेलं यांत जो फरक निघाला तो म्हणजे आमच्या दोन वर्षांच्या कामाचा इतिहासच होता. एक नियम सोडून गेलेल्या मुलानं घातलेला, एक कोणाच्याच लक्षात नसलेला. एका नियमाचं कारण सापडेना, तेव्हा लाइनवरचा सगळ्यात जुना माणूस म्हणाला, ते ब्राह्मणपुरीतल्या एका प्रेससाठी होतं, प्रेस बंद होऊन वर्ष झालं. थोरला त्या बंद प्रेससाठी अजून वाट राखून होता.

लिहिण्यातही मेख होती. तक्त्याची मर्यादा फाइलीत लिहून ठेवली, पण यंत्र उठताना ती फाइल वाचली जायची तेव्हा तक्ता सांभाळणारा भाग कर्नलमध्ये आलेलाच नसायचा. हुकूम घ्यायलाच कोणी नाही, त्यामुळे तो वाया. त्या भागाचं नाव आधी हजर व्हायच्या यादीत घातलं तेव्हा ते जमलं. वीज जाऊन परत आली तर आपणहून चालू हो, ही यंत्राच्या बायोसमधली सूचनाही तेव्हाच लिहिली.

नवा कर्नल आणून बसवणं हे काम त्या मानानं क्षुल्लक आहे. एक आज्ञा, काही मिनिटं. यातली एक गोष्ट मात्र मला फार आवडते. नवा येतो तेव्हा जुना जात नाही. बूटच्या कप्प्यात दोघं शेजारी शेजारी राहतात आणि यंत्र सुरू होताना ग्रब नावाचा प्रोग्रॅम विचारतो, कोणाला उठवू? आम्ही त्याला सांगून ठेवलं, की या एका वेळेपुरता नव्याला उठव. तो कोसळलाच तर तीस सेकंदांनी आपणहून पुन्हा सुरू हो आणि मग जुन्याला उठव. हे सगळं लिहिणाऱ्यांनी पडण्याची शक्यता आधीच धरून ठेवलेली आहे, म्हणूनच मिरजेसारख्या गावात, हाताशी दुसरा जाणकार नसताना, असलं काम अंगावर घेता येतं.

अडीच वाजता थोरला बंद केला. पंखे थांबल्यावर त्या खोलीत धाकट्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. रॅक सर्व्हर उठायला वेळ लावतो. मेमरी तपासतो, कार्डं मोजतो, चार-पाच मिनिटं पडद्यावर काही नाही. मग ग्रब आला, नवा कर्नल आला, ओळी धावल्या. कार्डं ओळखली. डिस्क जोडली. लॉगिनची खूण आली आणि त्याच्या पाठोपाठ घरं यायला लागली. गावातले सगळे राउटर एकदम दारात. खातेवही तपासणारा प्रोग्रॅम दोन मिनिटं घामाघूम झाला, मग आवरलं. आकडा चढला. सगळी घरं जोडलेली, आणि एकाही घरात पान उघडत नव्हतं.

पत्ता बदलण्याचे नियमच चढलेले नव्हते. ते चढवणारी एक स्क्रिप्ट होती. तिच्या वरच्याच ओळीत तक्त्याच्या आयपी-चार भागाला, एनएफ-कॉनट्रॅक-आयपीव्ही4 नावाच्या मॉड्यूलला, हाक मारलेली होती. 4.19 मध्ये त्या नावाचं कोणी उरलेलंच नाही. कर्नलच्या लेखकांनी तो भाग मुख्य तक्त्यात विलीन करून टाकला होता. हाकेला ओ आली नाही, आणि एक पायरी चुकली तर पुढे जायचं नाही अशी ताकीद असल्यामुळे स्क्रिप्ट तिथेच थांबली. ती ओळ लिहिली तेव्हा बरोबर होती. जग पुढे सरकलं होतं. ओळ काढली, स्क्रिप्ट पुन्हा चालवली, आणि पॅकेटांचे आकडे पळायला लागले. पहिल्यांदा हालचाल दिसली ती एका दवाखान्याच्या जोडणीवर. कोणाचा तरी स्कॅन निघाला होता.

त्यानंतर तो पुन्हा एकदा बंद केला आणि चालू केला. काका तेव्हा खाली जीपमध्ये डुलकी काढत होते. त्यांना मी हे विचारून केलं नाही, पण ते करणं भाग होतं. पहिल्या वेळी आम्ही त्याला हात दिला होता. कोणी हात न देता तो उभा राहतो का, हे पाहिल्याशिवाय काम झालं असं म्हणता येत नाही. दुसऱ्या वेळी तो एकटा उठला. तक्ता मोठा, पॅकेटं कातरलेली, वाटा जागेवर. केक त्या रात्री लावला नाही. एका रात्री एकच बदल करायचा असा माझा आग्रह असतो. पुढच्या पंधरवड्यात, सोबतचं टीसी हे अवजार नवं घेऊन, आधी ऑफिसच्या आणि दोन-तीन दवाखान्यांच्या जोडण्यांवर, मग हळूहळू बाकी ठिकाणी लावला. 'आवाज तुटतो' हे फोन कमी झाले. फोन का येत नाहीत हे सांगायला कोणी फोन करत नाही, तेव्हा हे आम्ही आमच्यापुरतं पाहिलं.

तो आता तोच थोरला आहे का, असा प्रश्न एका पोरानं त्या पहाटे विचारला. शरीर तेच, डिस्क तीच, पण आतला सगळा कारभार नवा. 4.9 मधल्या कितीतरी ओळी 4.19 मध्ये नाहीत. 4.19 वर तर टोरवाल्ड्सचा शेवटचा हातही फिरलेला नव्हता. ऑक्टोबर 2018 मध्ये ते रजेवर असताना ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ती आवृत्ती बाहेर आणली होती. माझं उत्तर असं, की थोरला म्हणजे तो कर्नल नव्हे आणि ते लोखंडही नव्हे. गावातल्या कुठल्या घराला काय हवं हे ज्याला माहीत आहे तो थोरला. त्या रात्रीपर्यंत हे माहीत असणं त्याच्या मेमरीत विखुरलेलं होतं. त्या रात्रीनंतर ते लिहिलेलं आहे. त्या अर्थी तो त्या दिवशी पहिल्यांदा पुरता थोरला झाला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णा चढायला लागली. 2019 चा तो पूर इकडच्या कोणी विसरणार नाही. सांगलीत पाणी बाजारपेठेत आणि घरांच्या वरच्या मजल्यांपर्यंत गेलं, महामार्ग बंद पडला, वीज ठिकठिकाणी बंद ठेवावी लागली. आमच्या खोलीत पाणी आलं नाही, पण जनरेटरचं डिझेल संपलं आणि नवं आणायला रस्ता नव्हता. बॅटऱ्या संपल्या. थोरला गेला. या वेळी कोणी त्याला नीट बंद केलेलं नव्हतं, नुसती वीज ओढून घेतली गेली होती. मी त्या खोलीपासून पाण्यापलीकडे होतो. काका नातेवाइकांना बाहेर काढायला गेलेले. वीज परत आली ती रात्री, आणि खोलीला कुलूप होतं.

थोरला उठला. डिस्क तपासली, कार्डं मोजली, नियम चढवले आणि दार उघडून घरांची वाट पाहत बसला. ज्या घरांत वीज होती ती एकेक करून आली. माझ्या फोनवर जोडण्यांचा आकडा शून्यावरून हलला तेव्हा त्या खोलीत कोणी नव्हतं हे मला पक्कं माहीत होतं. त्या दिवसांत लोक आपली माणसं कुठल्या शाळेत, कुठल्या मंगल कार्यालयात उतरलीत हे फोनवरून शोधत होते. दवाखाने औषधं मागवत होते. दोन वर्षं जागलेला, सगळं तोंडी पाठ असलेला जुना थोरला त्या रात्री उठला असता, तर आपल्याला काय सांगितलं होतं हे त्याला आठवलं नसतं. त्याला आठवण करून द्यायला कोणी पोहोचू शकत नव्हतं.

4.19 ला डिसेंबर 2024 पर्यंत दुरुस्त्या मिळत राहिल्या. थोरला त्याआधीच पुढे गेला. आता त्याच्यावर 6.1 आहे, आणि दर तीन महिन्यांनी तो ठरवून बंद-चालू होतो. अपटाइम आता काका पाहुण्यांना दाखवत नाहीत. दाखवायला फारसा नसतोच.

तालुक्याच्या गावांत इंटरनेट चालवणारे माझे कितीतरी व्यवसायबंधू आहेत, आणि प्रत्येकाकडे एक थोरला आहे. त्यांना विनंती आहे. तुमच्या यंत्राचे दिवस आज बघा. आकडा मोठा असेल तर या महिन्यात एक रात्र काढा. तो आत्ता काय काय पाळतोय ते सगळं आधी उतरवून घ्या, दवाखान्यांना कळवा, जुना कर्नल जागेवर ठेवून नवा बसवा, आणि तो एकदा हात देऊन व एकदा हात न देता उठवून बघा. पावसाळ्याच्या आधी करा.